टॅकोमीटर, नौका-एंजिनावरील यांत्रिक

एंजिनाच्या फिरत्या दंडाचे दर मिनिटास होणारे फेरे तबकडीवरील काट्याने दर्शविणारे उपकरण. यास परिभ्रमणमापक असेही म्हणतात. यांत्रिक प्रकारात एंजिनाची गती दंतचक्रे व लवचिक केबल यांच्याद्वारे सरळ उपकरणापर्यंत पोहोचविली जाते. त्यासाठी विद्युत् पुरवठा लागत नाही. हाताने सुरू करावयाच्या व विद्युत् घटमाला नसलेल्या जुन्या नौका-एंजिनांना हा प्रकार म्हणूनच सोयीचा ठरतो. ब्रिटनमधील कालव्यांतून व किनाऱ्यालगत चालविल्या जाणाऱ्या अनेक जुन्या नौकांवर अशी उपकरणे जतन केलेली वा नव्याने बसविलेली आढळतात.

आवश्यकता : मोटारगाडीच्या चालकास रस्त्यावरील वेग दिसतो, नौकेत मात्र एंजिनावर पडणाऱ्या भाराचा अंदाज मुख्यतः फेऱ्यांवरूनच बांधावा लागतो. पाण्याखालील पंखा (प्रचालक) शोषून घेत असलेली शक्ती साधारणपणे फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात बदलते. त्यामुळे फेरे ८० टक्क्यांवर आणले असता लागणारी शक्ती सुमारे ५१ टक्के होते, तर फेरे निम्मे केल्यास ती एक-अष्टमांशावर येते. इंधन पूर्ण सोडूनही एंजिन आपले ठरीव फेरे गाठत नसेल, तर पंखा प्रमाणापेक्षा मोठा आहे किंवा नौकेच्या तळावर शेवाळ व कालवे साचली आहेत असे मानता येते. याउलट फेरे मर्यादेपलीकडे जात असतील, तर पंखा अपुरा असतो. दोन्ही स्थितींत दीर्घकाळ चालविल्यास जुन्या एंजिनाचे धारवे, दट्टे व झडपा यांचे नुकसान होते आणि त्यांचे सुटे भाग मिळणे बहुधा कठीण असते.

इतिहास व प्रकार : इंग्रज अभियंते ब्रायन डाँकिन यांनी फिरत्या पेल्यातील पारा मध्यभागी खाली जातो या तत्त्वावर वेगदर्शक तयार केला. त्याबद्दल त्यांना १८१० मध्ये लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्स या संस्थेचे सुवर्णपदक मिळाले. जर्मन अभियंते डीट्रिख ऊलहॉर्न यांनी १८१७ मध्ये केंद्रोत्सारी प्रकार पुढे आणला. त्यात फिरणारी वजने वेगाबरोबर बाहेर फाकतात व कमानीच्या विरोधात काटा सरकवितात. हे उपकरण दंड कोणत्याही दिशेने फिरला तरी सारखेच वाचन देते. ओटो शुल्त्से यांनी १९०२ मध्ये आवर्त प्रवाहांवर आधारलेल्या वेगमापकाचे एकस्व घेतले. या प्रकारात केबलीने फिरणारा कायम चुंबक ॲल्युमिनियमाच्या हलक्या वाटीत आवर्त प्रवाह निर्माण करतो. वाटी त्याच्यामागे ओढली जाते आणि केसासारखी बारीक कमान तिला अडविते. चुंबक उलट फिरल्यास काटा शून्याच्या खुंटीवर दाबला जातो व वाचन मिळत नाही. तिसऱ्या, कालमापी प्रकारात घड्याळासारखी यंत्रणा ठरावीक अल्प कालखंडातील फेरे मोजते, म्हणून त्याचा काटा सलग न सरकता टप्प्याटप्प्याने उडतो.

गुणोत्तराची निवड : जुने उपकरण निवडताना त्याची तबकडी केबलीच्या कोणत्या गतीसाठी आखली आहे, हे प्रथम पाहावे लागते. पुष्कळ टॅकोमीटर एंजिनाच्या निम्म्या गतीने फिरणाऱ्या केबलीसाठी बनविलेले असतात. कारण चार धावांच्या एंजिनात कॅम दंड भुजादंडाच्या निम्म्या गतीने फिरतो व गती घेण्याची जागा बहुधा त्यावरच असते. असे उपकरण भुजादंडास सरळ जोडल्यास ते दुप्पट फेरे दाखवील. दोन धावांच्या एंजिनात कॅम दंड असल्यास तो भुजादंडाच्याच गतीने फिरतो, हेही ध्यानात ठेवावे लागते.

तबकडीचा पल्लाही एंजिनाशी जुळावा लागतो. ग्लासगो येथे बनलेल्या केल्विन ‘के’ मालिकेतील अवजड डीझेल एंजिनांचे ठरीव फेरे दर मिनिटास केवळ ७५० होते. त्यांवर ८,००० फेऱ्यांची मोटारगाडीची तबकडी लावल्यास काटा आरंभीच्याच भागात रेंगाळेल. अशा वेळी मध्ये गतिवर्धक दंतचक्रे घालतात. उदा., एंजिनाचे कमाल फेरे १,२०० असून उपकरण निम्म्या गतीच्या केबलीसाठी आखलेले असल्यास केबल भुजादंडाच्या दुप्पट, म्हणजे २,४०० फेऱ्यांनी फिरवावी. उपकरण तेव्हा ४,८०० दाखवील; वाचनास चारने भागले की खरे फेरे मिळतील.

जोडणी : गती घेण्यासाठी कॅम दंड, वेगनियंत्रकाचा दंड किंवा वंगण-पंपाचा दंड यांचे टोक वापरतात. मूळ बनावटीत तशी सोय असल्यास झाकणाची टोपी काढून जोडतुकडा बसविणे पुरते. सोय नसल्यास भुजादंडाच्या पुढील कप्पीवर समकेंद्री जोडतुकडा बसवितात. भुजादंडात अंदाजाने छिद्र पाडणे धोक्याचे असते. त्यातील वंगणमार्ग दुखावला जाऊ शकतो. पट्ट्याने गती घ्यावयाची असल्यास दातेरी पट्टा योग्य. साधा पट्टा घसरतो व वाचन कमी येते. पट्टा व फिरती टोके यांवर जाळीचे आच्छादन आवश्यक असते.

केबलीतील पोलादी तारांचे थर ठरावीक दिशेने गुंडाळलेले असतात. उलट दिशेच्या परिभ्रमणाने ते सैल होऊन केबल तुटते. म्हणून दिशा तपासून, गरज पडल्यास दिशा उलटविणारी लहान दंतचक्रपेटी घालतात. केबल मोठ्या वळणाने, निष्कास नळीपासून दूर न्यावी. वळणाची त्रिज्या सुमारे १५ सेंमी.पेक्षा कमी नसावी. आतील तारेला टोकापाशी किंचित मोकळीक ठेवावी लागते, नाहीतर ती उपकरणाच्या दंडाला रेटून त्याचा धारवा झिजविते. ग्रीज तारेच्या खालच्या दोन-तृतीयांश भागालाच लावतात. वरच्या भागास लावल्यास ते उपकरणात शिरून वाटी व चुंबक यांमध्ये चिकटते. काटा थरथरत असल्यास दोष बहुधा केबलीच्या वाकलेल्या जागेत असतो.

दक्षता : विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील व त्यानंतरच्या काही काळातील अनेक तबकड्यांवर अंधारात चमकणारा रेडियमयुक्त रंग आहे. त्यातील झिंक सल्फाइड निकामी झाल्याने चमक नाहीशी होते, परंतु रेडियम-२२६ चे अर्धायुष्य सुमारे १,६०० वर्षे असल्याने किरणोत्सर्ग चालूच राहतो. असा रंग खरवडणे किंवा त्याची धूळ श्वासावाटे घेणे अपायकारक आहे. शंका असल्यास उपकरण न उघडता प्रारण-मापकाने त्याची तपासणी करवून घेतात आणि भागाकाराचा अंक काचेबाहेर वेगळ्या पट्टीवर लिहितात.

परीक्षण : जुना चुंबक कालांतराने क्षीण होतो व उपकरण खऱ्याहून कमी फेरे दाखविते. हा दोष विशेष घातक होय. कारण चालक मर्यादेत आहोत असे समजून एंजिन अतिवेगाने चालवितो. म्हणून बसविल्यानंतर निरनिराळ्या वेगांना पडताळा घेणे अगत्याचे असते. नौका धक्क्याला असताना ५० हर्ट्‌झ प्रत्यावर्ती प्रवाहावरील, सेकंदास १०० वेळा लुकलुकणारा निऑन दिवा प्रचक्रावरील एका खुणेवर धरतात. दर मिनिटास १,५०० फेऱ्यांना चार, १,००० फेऱ्यांना सहा व ७५० फेऱ्यांना आठ स्थिर खुणा दिसतात. ६,००० ला फेऱ्यांनी भागले असता येणारी ही संख्या होय. परावर्तक पट्टी व प्रकाशकिरण वापरणारे हातातील इलेक्ट्रॉनीय मापकही यासाठी वापरतात. आढळलेला फरक तक्त्यात नोंदवून तो उपकरणाजवळ लावल्यास जुने उपकरण मूळ स्वरूपात राहून विश्वसनीय ठरते.