मारक्या कोंबड्याचं काय करायचं?

खुराड्याचं दार उघडणारी, दाणे टाकणारी, पाणी बदलणारी बाई एकच. आणि कोंबडा झेप घेतो तीही नेमकी तिच्याच पोटरीवर. परसात दहा-बारा गावठी कोंबड्या असलेल्या घरांत ही तक्रार नेहमीची. तोच कोंबडा परक्या कुत्र्यावर धावून गेला तर घरचे कौतुकानं ‘राखण करतो’ म्हणतात, घरच्या माणसावर आला की ‘माजलाय’. कोंबड्याच्या लेखी मात्र ही दोन्ही कामं एकाच खात्यातली.

हल्ला वाटतो तितका अचानक नसतो. आधी तो टिपणं थांबवतो आणि तुमच्याकडे तोंडही नाही, पाठही नाही, असा आडवा उभा राहतो. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे हे आडवं उभं राहणं म्हणजेच त्याचं रोखून बघणं. मग तो एक पंख जमिनीपर्यंत सोडतो आणि त्या पंखाच्या पिसांवर नखं खरखर घासत, बारीक पावलं टाकत अर्धं रिंगण घेतो. हाच नाच तो कोंबडीपुढे करतो आणि प्रतिस्पर्ध्यापुढेही. मानेची पिसं फुलतात, डोकं खाली जातं आणि मध्येच तो मातीत चोच मारतो. तिथे दाणा नसतोच. लढावं की पळावं या ओढाताणीत सापडलेले कोंबडे असं खोटं टिपत राहतात, हे प्राणिवर्तनाच्या अभ्यासकांनी फार पूर्वीच टिपून ठेवलंय. हे खोटं टिपणं दिसलं की उडी जवळ आली असं समजावं.

उडीत चोचीपेक्षा पाय धोक्याचे. पायामागचा काटा म्हणजे नुसतं नख नव्हे. आत हाड असतं आणि वरून शिंगासारखं कठीण आवरण. वर्षभराच्या कोंबड्याला तो बोथट असतो, दोन-तीन वर्षांच्या कोंबड्याला लांब आणि टोकदार. काट्याची काय, चोचीची जखमही थट्टेवारी नेण्यासारखी नाही. ऑस्ट्रेलियात अंडी गोळा करणाऱ्या एका वृद्ध बाईंच्या पायावर कोंबड्यानं चोच मारली, फुगलेली शीर फुटली आणि रक्तस्रावानं त्या दगावल्या. 2019 मध्ये तिथल्या न्यायवैद्यक तज्ज्ञांनी ही घटना प्रसिद्ध केली. पायावर शिरांच्या गाठी असणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. अशी शीर फुटलीच तर आडवं होऊन पाय वर करायचा आणि जखम घट्ट दाबून धरायची. साध्या जखमेलाही साबणपाणी हवंच, आणि आधीचं जुनं झालं असेल तर धनुर्वाताचं इंजेक्शनही.

आता प्रश्न असा की दाणे घालणारीच का? कोंबड्याचा दिवस बघितला तर थोडा उलगडा होतो. किडा किंवा दाणा सापडला की तो स्वतः गिळत नाही; तो उचलतो, टाकतो, पुन्हा उचलतो आणि ‘कुक्-कुक्-कुक्’ करत कोंबड्यांना बोलावतो. घार दिसली की एक आवाज काढतो, मुंगूस किंवा कुत्रा दिसला की दुसरा. अमेरिकेत ख्रिस इव्हान्स आणि पीटर मार्लर यांनी 1993 मध्ये दाखवून दिलं की नुसता आवाज ऐकवला तरी कोंबड्या त्या-त्या धोक्याला साजेसंच वागतात: घारीच्या इशाऱ्याला दबून बसतात, जमिनीवरच्या शत्रूच्या इशाऱ्याला मान ताठ करून बघतात. जवळ कुणी ऐकणारं नसेल तर कोंबडा घारीचा इशारा सहसा देतही नाही. म्हणजे कळप गोळा करणं आणि कळप सांभाळणं हा त्याचा धंदा. आणि रोज सकाळी कुणीतरी घमेलं घेऊन येतं, ‘या या’ म्हणतं, आणि सगळ्या कोंबड्या त्याला सोडून तिकडे धावतात! मला वाटतं, त्याच्या बाजूनं पाहिलं तर यात डिवचण्यासारखं बरंच काही आहे.

कळपातल्या मानापमानाचा पहिला शास्त्रीय हिशेब मांडला तो नॉर्वेच्या थोर्लाइफ श्येल्डेरुप-एब्बे यांनी. लहानपणापासून ते कोंबड्या न्याहाळत, कोण कुणाला टोचतं याच्या नोंदी ठेवत. 1922 मध्ये त्यांनी ‘टोचण्याची उतरंड’ जगापुढे ठेवली: सगळ्यात वरची कोंबडी कुणालाही टोचते, तिला कुणी नाही, तळातली सगळ्यांकडून टोचून घेते. उतरंड एकदा ठरली की भांडणं कमी होतात. जपानच्या त्सुयोशी शिम्मुरा आणि ताकाशी योशिमुरा यांना आरवण्यातही हीच उतरंड सापडली. पहाटे पहिली बांग वरच्या मानाच्या कोंबड्याची, बाकीचे आपापल्या पायरीनं मागून; वरच्याला उचलून बाजूला ठेवलं की दुसऱ्याला पहिला मान. कोंबडं झाकलं तरी तांबडं फुटतंच, पण एक कोंबडं झाकलं तर दुसऱ्याचं भाग्य उजळतं, हे 2015 साली कळलं.

माणसाच्या हातावर वाढलेला कोंबडा माणसालाही या उतरंडीत धरतो, असा जाणत्या पाळणाऱ्यांचा अनुभव आहे. पोरांनी मांडीवर खेळवलेलं, खिशात घेऊन फिरवलेलं पिल्लू मोठेपणी सगळ्यात मारकं निघतं, ही गाऱ्हाणी त्यातलीच. त्याला माणसाची भीती उरलेली नसते. चार-सहा महिन्यांचा झाला, तुरा लाल झाला, गळा फुटला, की तो तुमच्याशी बरोबरीच्या नात्यानं वागू लागतो.

हा बदल रक्तातून येतो, हे कोंबड्यांनीच विज्ञानाला शिकवलं. 1849 मध्ये जर्मनीतल्या ग्योटिंगेनला आर्नोल्ड बेर्टहोल्ड यांनी सहा तरुण कोंबडे घेतले. ज्यांचे वृषण काढून टाकले त्यांचा तुरा फिका पडला, आरवणं थांबलं, झुंजीची खुमखुमी गेली. ज्यांच्या पोटात एक वृषण नव्या जागी बसवला ते मात्र पूर्वीसारखेच आरवत आणि भांडत राहिले. मूळच्या नसा तुटलेल्या होत्या, तेव्हा जो काही संदेश जात होता तो रक्तातूनच, असा निष्कर्ष त्यांनी काढला. टेस्टोस्टेरॉन शुद्ध स्वरूपात हाती यायला 1935 उजाडावं लागलं.

अशा रक्त तापलेल्या कोंबड्याच्या लेखी तुम्ही बरोबरीचे, म्हणून लाथ मारणं हा सगळ्यात वाईट उपाय. लाथ म्हणजे त्याच्याच भाषेत ‘ये, होऊन जाऊ दे’. तो मागे सरतो, पुन्हा येतो. पळालात तर तो जिंकला, आणि जिंकलेला डाव तो उद्याही खेळणार. कोंबड्याला जमिनीवर दाबून धरून ‘मालक कोण’ ते दाखवा, असा सल्ला हल्ली बराच फिरतो. मला तो कोंबड्यापेक्षा माणसाच्या अहंकाराचा इलाज वाटतो. झुंजीची तयारी दाखवणाऱ्याचा अंगावर हात पडला, एवढंच त्याला कळतं.

त्यापेक्षा कंटाळवाणं व्हावं. तो आडवा झाला की जागीच उभं राहायचं, पाठ फिरवायची नाही, हात हलवायचे नाहीत. समोर सूप, घमेलं किंवा फळी आडवी धरायची. मारायला नाही, उडी अडवायला. तो निवळला, टिपायला लागला, की आपलं काम सावकाश पुढे चालू करायचं. दाणे एकाच जागी न ओतता दूरवर फेकावेत, म्हणजे कळप पांगतो आणि तुमच्या पायाशी गर्दी होत नाही. सुटा पदर, झुलणारी लुंगी, हातातली फडफडती पिशवी यांनी कोंबडे पेटतात. काही तर ठरावीक चपलांवर राग धरतात. काट्याचं टोक रात्री कानशीनं घासून बोथट करता येतं. अंधारात त्याला धड दिसत नाही, दांडीवरून हळूच उचलून पंख अंगाशी दाबून धरले तर तो गप्प राहतो. फक्त टोकच घासायचं, आतल्या हाडाला रक्तपुरवठा असतो. दहाएक कोंबड्यांना एक कोंबडा पुरे. दोन-तीन नर आणि चार माद्या असतील तर रोजचा तमाशा ठरलेला.

कोंबड्यांची पाठही बघावी. पाठीवरची पिसं झडून कातडी उघडी पडली असेल तर कोंबडा त्यांनाही जड जातोय. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठात सुझान मिलमन, इयन डंकन आणि टीना विडोव्हस्की यांनी 2000 साली दाखवलं की ब्रॉयलरची पैदास करणाऱ्या जातीचे नर माद्यांवरच तुटून पडतात. याउलट झुंजीसाठी निपजलेला असील दुसऱ्या कोंबड्याचा जीव घेईल, पण मालकाच्या काखेत निमूट बसतो. नरावरचा राग, मादीवरचा आणि माणसावरचा, हे तिन्ही वेगवेगळे असू शकतात. जातीच्या नावावरून कोंबड्याचा स्वभाव ठरवू नये.

घरात चार-पाच वर्षांचं मूल असेल तर मी प्रयोगाच्या भानगडीत पडणार नाही. मुलाचा चेहरा कोंबड्याच्या उडीच्या उंचीत येतो आणि डोळा एकही झटका सोसत नाही. अशा घरातून मारका कोंबडा जायला हवा, आणि गावाकडे तो जातोही: पाहुणा आला, गटारी आली, की आधी त्याचाच नंबर लागतो. (नवसाला सोडलेला असेल तर पंचाईत, मग त्याला जाळीत वेगळा ठेवणं एवढंच उरतं.) ही पद्धत निर्दय वाटली तरी तिला आधार आहे. अमेरिकेत कॅन्सस इथे गूल आणि क्रेग यांनी निवडक पैदाशीतून भांडखोर आणि शांत अशा वेगळ्या वंशरेषा काढून दाखवल्या, म्हणजे स्वभाव काही अंशी पिल्लांत उतरतो. नुसती अंडी हवी असतील तर कोंबड्याची गरजही नाही, तलंगा त्याच्यावाचून अंड्यावर येतात.

पिल्लं हवी असतील तर शांत कोंबडा आणावा, पण लगेच खुडूक बसवू नये. कोंबडीच्या पोटात जुन्याचं बीज दोन-तीन आठवडे टिकतं. नवा आल्यावर महिनाभर अंडी खावीत, मग मांडावीत.