कॅनडाचा पीआर: पात्रता वेगळी, निवड वेगळी

'तुम्ही कॅनडाच्या पीआरसाठी पात्र आहात' असं कन्सल्टंटनं सांगितलं, तर पेढे वाटायची घाई करू नये. पीआर म्हणजे तिथं कायम राहण्याचा परवाना; त्यासाठी पात्र ठरणं म्हणजे रांगेत उभं राहायला परवानगी मिळणं. रांगेतून कुणाला आत घ्यायचं, हे निराळ्या हिशोबानं ठरतं. एजंटांच्या जाहिरातींत हे दोन हिशोब सर्रास एकत्र कालवलेले असतात.

रांग कुठली?

कुशल कामगारांना गुणांवर निवडण्याची पद्धत कॅनडानं 1967 मध्ये सुरू केली. जानेवारी 2015 पासून अर्ज 'एक्स्प्रेस एंट्री' या ऑनलाइन व्यवस्थेतून जातात. कॅनडात आधीच काम केलेल्यांसाठी आणि सुतार-वेल्डर अशा कारागिरांसाठी तिच्यात वेगळे मार्ग आहेत. भारतात बसून अर्ज करणाऱ्या पदवीधराला बहुधा 'फेडरल स्किल्ड वर्कर' हाच मार्ग लागू पडतो. क्वेबेक प्रांताची निवड मात्र स्वतंत्र चालते.

किमान अटी

गेल्या दहा वर्षांत एकाच व्यवसायातला सलग एक वर्षाचा, पगारी, कुशल कामाचा अनुभव हवा. आठवड्याला 30 तास धरून 1,560 तास. बिनपगारी इंटर्नशिप मोजत नाहीत. इंग्रजी किंवा फ्रेंचमध्ये वाचन, लेखन, श्रवण, संभाषण या चारही अंगांत सीएलबी या कॅनडाच्या भाषा-मोजपट्टीवर 7 ही पातळी हवी, म्हणजे आयईएल्टीएसच्या जनरल परीक्षेत प्रत्येकी 6 बँड. निकाल दोन वर्षं चालतो. भारतातली पदवी तिथल्या कुठल्या पदवीच्या तोडीची आहे, याचा मान्यताप्राप्त संस्थेचा अहवाल लागतो. तो पाच वर्षं चालतो. त्यासाठी विद्यापीठाची ट्रान्सक्रिप्ट काढावी लागते, आणि ती वेळेवर हाती पडेलच असं नाही. म्हणून पहिला अर्ज विद्यापीठात टाकावा, आयईएल्टीएसचा क्लास नंतर लावावा.

67 चं गणित

याशिवाय शंभरपैकी 67 गुण हवेत: भाषेला 28, शिक्षणाला 25, अनुभवाला 15, वयाला 12, ठरलेल्या नोकरीला 10 आणि जुळवून घेण्याच्या शक्यतेला 10. वरच्या सगळ्या अटी पूर्ण केल्या की 67 आपोआप होतात, हा समज चुकीचा आहे. 29 वर्षांची, अविवाहित, मास्टर्स झालेली, तीन वर्षं अनुभव असलेली मुलगी घ्या. वयाचे 12, शिक्षणाचे 23, अनुभवाचे 11. भाषेत सीएलबी 7 असेल तर 16, म्हणजे एकूण 62 आणि अर्ज बाद. सीएलबी 8 असेल तर 66, एका गुणानं हुकली! सीएलबी 9 आलं तर 70.

खरी स्पर्धा: 1,200 चा हिशोब

67 जमले की प्रोफाइल उमेदवारांच्या पूलमध्ये जातं आणि तिथं सीआरएस नावाची 1,200 गुणांची दुसरी मोजणी लागते. तिच्यात याच मुलीला सीएलबी 9 वर वयाचे 110, पदवीचे 135, भाषेचे 124 आणि भाषेच्या जोरावर पदवी व अनुभवाचे जादा 50-50, असे 469 मिळतात. तिचं इंग्रजी सीएलबी 7 वरच अडकलं असतं, तर हीच बेरीज 363 झाली असती. एका परीक्षेनं 106 गुणांचा फरक पडतो. माझं स्पष्ट मत आहे की दुसऱ्या डिप्लोमाच्या फीपेक्षा आयईएल्टीएस पुन्हा देण्याचा खर्च कितीतरी जास्त फळ देतो.

तरीही 469 पुरतातच असं नाही. पूलमधून निवडीच्या फेऱ्या निघतात आणि त्या फेरीचा कट-ऑफ गाठणाऱ्यांनाच अर्जाचं निमंत्रण येतं. 2025 मध्ये कॅनडातला अनुभव असणाऱ्यांसाठी काढलेल्या फेऱ्यांचे कट-ऑफ पाचशेच्या वर होते. 2023 पासून विशिष्ट गटांसाठीही फेऱ्या निघतात, आरोग्यसेवेतल्या किंवा फ्रेंच येणाऱ्या उमेदवारांसाठी. फ्रेंच फेऱ्यांचे कट-ऑफ बरेच खाली असतात. एखाद्या प्रांतानं शिफारस केली तर एकदम 600 गुण मिळतात आणि प्रश्न मिटतो. जॉब ऑफरचे सीआरएसमधले गुण मात्र 25 मार्च 2025 पासून बंद झाले. ऑफर विकणारा एजंट आजही जुनाच पाढा म्हणत असेल, तर तिथून उठावं. तिशीनंतर वयाचे गुण दर वाढदिवसाला घटतात आणि पंचेचाळिशीला शून्य होतात.

कागद अडवतात तेव्हा

निमंत्रण आल्यावर पूर्ण अर्जासाठी 60 दिवस मिळतात. सर्वांत जास्त घोळ अनुभवाच्या पत्रात होतो. आपल्याकडचा एचआर विभाग हुद्दा आणि तारखा लिहून मोकळा होतो. तिथल्या अधिकाऱ्याला मात्र तुम्ही रोज नेमकं काय करत होता, आठवड्याला किती तास, किती पगारावर, हे लेटरहेडवर सहीनिशी हवं असतं. हुद्द्यापेक्षा कामाचं वर्णन महत्त्वाचं, कारण ते कॅनडाच्या व्यवसाय-वर्गीकरणातल्या वर्णनाशी ताडून पाहतात. कंपनी सोडण्याआधीच असं पत्र मागून ठेवावं.

तिथं जाऊन जगण्यापुरती शिल्लकही दाखवावी लागते. कुटुंबातल्या माणसांनुसार तिची रक्कम ठरते आणि दरवर्षी बदलते. गावाकडची जमीन किंवा फ्लॅटची किंमत धरत नाहीत. उसने पैसे चालत नाहीत आणि बँकेच्या पत्रात सहा महिन्यांची सरासरी शिल्लक असते, त्यामुळे काकांकडून आणलेली रक्कम लगेच दिसते. पोलीस दाखला आणि वैद्यकीय तपासणी त्यामानानं सोपी.

पीआर मिळाल्यावर

तो टिकवायला पाच वर्षांत किमान 730 दिवस कॅनडात राहावं लागतं, नागरिकत्वासाठी 1,095. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. तिथलं नागरिकत्व घेतलं की भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो; त्यानंतर हवं तर ओसीआय कार्डासाठी अर्ज करता येतो.

एजंट नेमायचाच असेल, तर त्याला कॅनडाचा परवाना आहे का, हे तिथल्या कन्सल्टंट परिषदेच्या खुल्या यादीत तपासा. त्यानं भरलेला फॉर्म पाठवण्याआधी स्वतः ओळ न् ओळ वाचा. खोटी माहिती आढळली तर पाच वर्षांची बंदी अर्जदारावर येते, एजंटावर नाही.