रुळांकाठची दोन सेंटिमीटरची माणसे

दिवाळीत तुम्ही अंगणात किल्ला केला असेलच. मातीचा डोंगर, अळिवाची हिरवळ, सिंहासनावर महाराज आणि तटावर मावळे. आता जरा आठवून पाहा, तुमच्या किल्ल्याच्या महादरवाज्यातून त्यातला एखादा मावळा आत जाऊ शकला असता का? बहुधा नाही. दरवाजा त्याच्या कमरेएवढा, आणि तोफ त्याच्या जोड्याएवढी! किल्ल्यात हे खपून जाते. खरे तर त्यातच गंमत असते. पण छोट्या रेल्वेचा देखावा उभारणाऱ्या छांदिष्टाला ते मुळीच चालत नाही.

हा छंद कसा असतो ते पाहायचे असेल तर पुण्यात कोथरूडला जा. भाऊ जोशी यांच्या छंदातून उभे राहिलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय तेथे 1998 साली लोकांसाठी खुले झाले. जर्मनीतील हॅम्बुर्ग शहरात 2001 साली सुरू झालेल्या अशाच एका प्रचंड देखाव्यात तर दोन लाखांहून अधिक चिमुकली माणसे आहेत. गाड्या धावतात, सिग्नल बदलतात हे सारे खरे; पण देखाव्यात जीव येतो तो या माणसांमुळे. तो कसा येतो, ते थोडे गणित करून पाहू.

छोट्या रेल्वेत सर्वाधिक वापरले जाणारे प्रमाण 1:87 हे आहे. समजा, या प्रमाणात आपल्याला कासारवाडीचे स्टेशन करायचे आहे. पुणे-लोणावळा लोकलने जाणाऱ्यांना दापोडी आणि पिंपरी यांच्यामधले हे स्टेशन चांगले परिचयाचे. एका बाजूने रेल्वे, जवळून जुना मुंबई-पुणे रस्ता, आणि 2022 पासून खांबांवरून धावणारी मेट्रो. देखाव्यासाठी याहून चांगली जागा कोठे मिळणार? पण एक किलोमीटर मार्गाला आपल्या प्रमाणात साडेअकरा मीटर जागा लागेल. बारा डब्यांची लोकल सुमारे 250 मीटर लांब धरली, तर नुसता फलाटच जवळजवळ तीन मीटरांचा होईल. एवढी जागा कोणाच्या घरात असते? म्हणून सगळेच येथे थोडी लबाडी करतात. चार डब्यांची लोकल, आखूड फलाट. पाहणाऱ्याला ते खटकत नाही.

माणसाच्या बाबतीत मात्र अशी लबाडी चालत नाही. 165 सें.मी. उंचीचा माणूस 1:87 प्रमाणात 19 मि.मी.चा होतो. त्याच्या शेजारी 30 मि.मी.चा दुसरा उभा करा, लहान मूलही लगेच म्हणेल, "हा राक्षस कोठून आला?" फलाट किती लांब असावा हे आपल्याला पाठ नसते, माणूस केवढा असतो ते असते. गंमत म्हणजे आपल्या ब्रॉडगेजच्या दोन रुळांमधले अंतर 167.6 सें.मी., म्हणजे साधारण एका माणसाच्या उंचीएवढेच आहे. बाजारात मिळणारे छोटे रूळ मात्र परदेशातील 143.5 सें.मी. अंतराच्या मार्गाप्रमाणे, 16.5 मि.मी.वर बसवलेले असतात. आपला 19 मि.मी.चा माणूस त्यावर आडवा ठेवला तर अडीच मि.मी. बाहेर डोकावतो.

आता या माणसाला रंगवायचे कसे? पुष्कळ मुले बारीक कुंचला घेऊन डोळे, भुवया, सदऱ्याची बटणे काढू लागतात, आणि माणसाचे बुजगावणे होते. असे का होते? देखावा आपण साधारण 60 सें.मी. अंतरावरून पाहतो. 60 ला 87 ने गुणा. 52 मीटर होतात. म्हणजे ही बाहुली पाहणे आणि खरा माणूस 52 मीटरांवरून पाहणे हे डोळ्याच्या दृष्टीने सारखेच. निरोगी डोळ्याला अंशाच्या साठाव्या भागाएवढा कोन कसाबसा ओळखता येतो. 52 मीटरांवर त्याचे अंतर होते दीड सेंटिमीटर. सदऱ्याचे बटण त्याहून लहान, म्हणून ते दिसतच नाही. डोळ्यांच्या जागी नुसती सावली दिसते.

हा प्रयोग तुम्ही स्वतः करा. फलाटावर कडेपासून दूर, मागे उभे राहा. लोकलचे अडीच डबे म्हणजे जवळजवळ 52 मीटर. तेवढ्या अंतरावरच्या माणसांकडे पाहा. चेहरे कळणार नाहीत, पण पाळी संपवून दमून आलेला कामगार कोणता आणि कामावर निघालेला कोणता, हे तुम्ही बिनचूक सांगाल. खांद्याचा उतार, एका पायावर टाकलेला भार, डबा धरलेल्या हाताची बाजू, एवढ्यावरून ते कळते. तेव्हा बारीक तांब्याच्या तारेला पीळ देऊन आधी ही ढब नीट साधा, मग त्यावर एपॉक्सी पुट्टी चढवा. परदेशी बाहुल्या विकत मिळतात, पण ओव्हरकोट आणि हॅट घातलेली माणसे कासारवाडीच्या फलाटावर काय करणार?

उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य त्याच्या पावलांच्या मधल्या जागेवर येतो. ओझे उजव्या हातात असेल तर अंग डावीकडे झुकते. हे झुकणे विसरलात तर पिशवी रिकामी वाटते. धावणाऱ्या माणसाचा गुरुत्वमध्य बहुतेक वेळ पावलांच्या आधारावर नसतो. तो सतत पडत असतो आणि सतत सावरत असतो. म्हणून गोठलेला धावपटू थोड्याच वेळात खोटा वाटू लागतो. वाट पाहणारी, गप्पा मारणारी, बाकावर पेंगणारी माणसे मात्र तासभर पाहिली तरी खरी वाटतात.

एका विज्ञान प्रदर्शनात मुलांनी अशी साठ-सत्तर माणसे फलाटावर उभी केली होती. कोणी तरी पंखा लावला आणि सारे प्रवासी भुईसपाट! मी मुलांना विचारले, 60 किलोचा माणूस या प्रमाणात किती वजनाचा? "690 ग्रॅम," एकाने 60 ला 87 ने भागून सांगितले. पण लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही 87 पटींनी कमी होतात. म्हणून 87 ने तीनदा भागायला हवे. उत्तर येते 0.09 ग्रॅम! वारा ज्यावर आदळतो ते क्षेत्रफळ मात्र दोनदाच भागले जाते. म्हणजे वजनाच्या मानाने वाऱ्याचा जोर 87 पट झाला. त्यानंतर प्रत्येकाच्या पायाला डिंक लागला.

त्याच देखाव्यात एका मुलाने पिशवी घेऊन रूळ ओलांडणारा माणूस ठेवला होता. "सर, लोक खरेच असे जातात," तो म्हणाला. ते खोटे नव्हते. मी माणूस काढायला सांगितला नाही. लोकल त्याच्यापासून किती लांब आहे एवढेच मोजायला सांगितले. अंतर भरले 40 सें.मी., म्हणजे प्रत्यक्षात सुमारे 35 मीटर. गाडीचा वेग ताशी 80 कि.मी. धरू, म्हणजे सेकंदाला 22 मीटर. गाडी दीड सेकंदात येणार. माणसाने नुकतेच पाऊल आत टाकले होते. गाडीच्या वाटेतून पार व्हायला त्याला 3.6 मीटर चालायचे, आणि सेकंदाला 1.2 मीटर या चालीने त्याला तीन सेकंद लागणार. तेवढ्या वेळात गाडी 67 मीटर येते; देखाव्यात 77 सें.मी.

मुलाने आकडे दोनदा तपासले. "म्हणजे हा वाचत नाही," तो हळूच म्हणाला. लोकल मागे सरकवणे सोपे होते, पण त्याने ते केले नाही. चिमट्याने माणूस उचलला आणि पादचारी पुलाच्या जिन्यावर ठेवला. तो तेथे उभाच राहीना. सपाट जमिनीवरून चालणाऱ्याची ढब पायरीवर कशी चालणार? पुढचा गुडघा वाकवायला हवा, अंग पुढे घ्यायला हवे. शेवटी त्याने तार कापली आणि नवा माणूस करायला घेतला.