पावणेसात निखर्व जागरणं

रात्री उशाशी ठेवलेला फोन झोपलाय असं आपण समजतो. तो झोपलेला नसतो, पेंगत असतो. पडदा काळा असला तरी ठरावीक वेळाने तो क्षणभर जागा होतो, टॉवर आपलं नाव पुकारतोय का एवढं ऐकतो आणि पुन्हा डोळे मिटतो. अनेक ४जी नेटवर्कांवर हा काळ १.२८ सेकंदांचा असतो. दिवसाचे सेकंद ८६,४००. भागाकार केला की उत्तर बरोब्बर येतं: ६७,५०० वेळा.

आता मुंबई घ्या. २०११च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाखांच्या वर होती. माणशी दोन-दोन फोन सोडून देऊ, सगळे मिळून फक्त एक कोटी फोन धरू. एक कोटी गुणिले ६७,५०० म्हणजे दिवसाला ६७,५०० कोटी जागरणं. असे आकडे ‘कोटी कोटी’ करत सांगायची सवय आपल्याला आता लागली. पण भास्कराचार्यांनी इ.स. ११५०च्या सुमारास ‘लीलावती’त त्यांची स्वतंत्र नावं नोंदवलेली आहेत: अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी. एकावर अकरा शून्यं म्हणजे निखर्व. म्हणजे आपली मुंबई दिवसाला पावणेसात निखर्व वेळा दचकून उठते, तेही कुणाचा फोन आलेला नसताना.

या जागरणांत आणखी एक काम उरकलं जातं. आहे तो टॉवर बरा की शेजारचा? ५जीवर राहायचं, ४जीवर उतरायचं, की थेट २जी गाठायचं? पडद्याच्या कोपऱ्यातलं ते इवलंसं अक्षर बदलतं, तेव्हा असा एक निवाडा होऊन गेलेला असतो.

हे समजायला गिरगावातली चाळ डोळ्यांपुढे आणावी. तळमजल्यावर २जी. मुंबईत मोबाइल १९९५मध्ये आला, तेव्हा मिनिटाला सोळा रुपयांच्या आसपास दर होता आणि आलेल्या कॉलचेही पैसे पडत. या मजल्याची व्यवस्था चाळीच्या नळासारखी आहे. २०० किलोहर्ट्झच्या एका पट्टीवर आठ बिऱ्हाडं, आणि प्रत्येकाची पाळी ५७७ मायक्रोसेकंदांची, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी. आठ पाळ्यांचा फेरा ४.६ मिलिसेकंदांत संपतो, म्हणून आपली बादली सेकंदाला २१७ वेळा नळाखाली लागते. जुन्या रेडिओजवळ फोन ठेवला की कॉल येण्याआधी जी गुरगुर ऐकू यायची, ती याच २१७ पाळ्यांची. बोलता बोलता फोन दर ४८० मिलिसेकंदांनी टॉवरला अहवालही धाडतो. स्वतःची रेंज अमुक, शेजारच्या सहा टॉवरांची तमुक. दहा मिनिटांच्या गप्पांत असे १,२५० अहवाल आणि शेजाऱ्यांची साडेसात हजार मोजमापं होतात. आपण मात्र फक्त ‘जेवलास का?’ विचारलेलं असतं.

पहिल्या मजल्यावर ३जी. इथे सगळे एकाच वेळी बोलतात, म्हणून कुणी आवाज चढवला की बाकीच्यांचं बुडतं. त्यामुळे टॉवर प्रत्येक फोनला सेकंदाला १,५०० वेळा ‘जरा हळू’ किंवा ‘जरा मोठ्याने’ सांगतो. दहा मिनिटांत नऊ लाख सूचना. चाळीत गर्दी वाढली की हा मजला आकसतोही: कडेला उभ्या असलेल्याला काल मिळणारी रेंज आज मिळत नाही. या मजल्याची किंमत ऐकून ठेवा. २०१०चा ३जी लिलाव ३४ दिवस आणि १८३ फेऱ्या चालला. मुंबई परिमंडळासाठी एका कंपनीला ३,२४७ कोटी रुपये मोजावे लागले, आणि मिळाले जाण्यासाठी पाच व येण्यासाठी पाच मेगाहर्ट्झ. दहा मेगाहर्ट्झ म्हणजे एक कोटी हर्ट्झ. म्हणजे एका हर्ट्झला ३,२४७ रुपये पडले. दहा वर्षांत एअरटेलने देशभरातलं ३जी बंद करून ती जागा ४जीला दिली. म्हणून तिथे आज फोन ४जीवरून घसरला की मध्ये कुठे टेकत नाही, तडक तळमजल्यावर येतो.

दुसरा मजला ४जीचा. तो ऐसपैस होता, पण बांधताना बोलण्याची जुनी सोय त्यात धरलीच नव्हती. नुसता डेटा. मग फोन आला की काय व्हायचं? ज्यांच्या घरी टेलिफोन नव्हता त्यांच्या कार्डावर पूर्वी ‘पी.पी.’ असं लिहून शेजाऱ्याचा नंबर छापलेला असे, ते आठवा. खालून हाक यायची, ‘अहो, तुमचा फोन!’ आणि माणूस हातातलं टाकून जिना उतरायचा. ४जीच्या फोनचं तंतोतंत हेच होत होतं. कॉल आला की तो ३जी किंवा २जीवर धावत उतरायचा, बोलणं आटोपायचा आणि परत वर चढायचा. समोरच्याला घंटी ऐकू येण्याआधी जी दोन-चार सेकंदांची शांतता असे, ती या जिना उतरण्याची. ५ सप्टेंबर २०१६ला जिओ आलं, तेव्हा त्याच्या चाळीला तळमजलाच नव्हता. उतरायला जागा नाही म्हटल्यावर आवाजही डेटासारखाच दुसऱ्या मजल्यावरून पाठवणं भाग होतं. तो प्रकार म्हणजे व्होल्टी.

आणि ५जी? १ ऑक्टोबर २०२२ला देशात त्याचं उद्घाटन झालं. मुंबई पहिल्या शहरांत होती. एअरटेलने ते आधी ४जीच्या आधारावर उभं केलं, म्हणजे दुसऱ्या मजल्याच्या खोलीतच पोटमाळा काढला. जिओने स्वतंत्र मजला चढवला. पोटमाळ्यावरच्या फोनला वरचा डेटा मिळतो, पण कारभार खालच्या ४जीचा. ती शिडी निसटली की पोटमाळाही गेला.

रस्त्यावर असलेलं ५जी चाळीच्या आतल्या खोलीत का गळतं, याचं उत्तर लाटेच्या लांबीत आहे. ९०० मेगाहर्ट्झची लाट ३३ सेंटिमीटरची, फुटाहून थोडी जास्त. ५जीच्या साडेतीन गिगाहर्ट्झची साडेआठ सेंटिमीटर. २६ गिगाहर्ट्झची जेमतेम साडेअकरा मिलिमीटर. लाट जितकी आखूड, तितकी ती भिंतीपुढे लवकर हात टेकते. जुनी, लांब लाट मात्र मोरीपर्यंत पोहोचते.

एवढे मजले असले की सारखं वर-खाली होण्याची भीती असते. दोन टॉवरांच्या सीमेवर उभा असलेला फोन क्षणात इकडे, क्षणात तिकडे करत बसेल. म्हणून नियम घातलेले आहेत. खालच्या मजल्यावर जायचं, तर आपली रेंज ठरावीक रेषेखाली गेलेली हवी, दुसरीची ठरावीक रेषेवर असायला हवी, आणि ही स्थिती काही काळ टिकायला हवी. तो काळ शून्यापासून सुमारे पाच सेकंदांपर्यंत ठेवता येतो. दुसऱ्या पट्ट्यातला शेजारी जोखायचा, तर ४जीचा फोन टॉवरच्या हुकमाने दर ४० किंवा ८० मिलिसेकंदांनी सहा मिलिसेकंद स्वतःचं बोलणं थांबवतो आणि शेजाऱ्याच्या दाराला कान लावतो. तासाभराच्या कॉलमध्ये ही कानोसेगिरी ९०,००० वेळा होऊ शकते. प्रत्यक्ष बदली झाली, तर ४जीतल्या ४जीत खंड पडतो तो साधारण ५० मिलिसेकंदांचा. पापणी लवायला जेवढा वेळ लागतो, त्यात अशा सहा बदल्या मावतील.

हे आता लोकलमध्ये बसवू. दादर ते सीएसएमटी साधारण नऊ किलोमीटर. टॉवर तीनशे मीटरवर एक धरला, तर वाटेत तीस हद्दी लागतात. गाडी ताशी ७२ किलोमीटरने धावत असेल, तर दर पंधरा सेकंदांना एक. बारा डब्यांची गाडी अडीचशे मीटर लांब असते आणि ऐन गर्दीत तिच्यात पाच हजार माणसं असतात. करी रोडची एखादी हद्द ती साडेबारा सेकंदांत ओलांडते. सेकंदाला चारशे फोन मालक बदलतात, आणि दाराला लटकलेल्या माणसाच्या कानातलं गाणं तुटत नाही. करोनाआधी मुंबईच्या लोकलने रोज सुमारे ७५ लाख प्रवास होत. प्रवासाला वीसच बदल्या धरल्या, तरी दिवसाला पंधरा कोटी.

लोकलमध्ये माणूस धावतो म्हणून नेटवर्क बदलतं. अनंत चतुर्दशीला याच्या उलट होतं: माणूस जागचा हलत नाही आणि नेटवर्क बदलतं. लालबागचा राजा सकाळी विसर्जनाला निघतो, भायखळा, नागपाडा, दोन टाकी, सी. पी. टँक, ऑपेरा हाउस करत चौपाटीला पोहोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडतो. आठेक किलोमीटरला वीस तास. ताशी चारशे मीटर. या वेगाला टॉवर हसत हसत सांभाळेल. त्याला सांभाळवत नाही ती गर्दी. २० मेगाहर्ट्झच्या ४जी टॉवरकडे एका मिलिसेकंदाला वाटायला १०० गाळे असतात, म्हणजे सेकंदाला एक लाख. ऐकायला खूप, पण हजारो माणसं एकदम व्हिडिओ चढवायला लागली की कुणालाच पुरेसा गाळा मिळत नाही. टॉवर फोनांना इकडेतिकडे पांगवतो. कुणाच्या कोपऱ्यात ४जी येतं, कुणाच्या २जीचा ‘ई’. आपण चिडतो.

हिशेब बघितला तर चिडणंही बरोबर आहे. तीन मेगाबाइटचा एक फोटो २जीच्या मूळच्या ९.६ किलोबिटच्या वाटेने पाठवला, तर ४१ मिनिटं ४० सेकंद लागतील. तेवढ्यात राजा पावणेतीनशे मीटर पुढे सरकलेला असेल. सेकंदाला ३०० मेगाबिट देणाऱ्या ५जीवर तोच फोटो सेकंदाच्या बाराव्या भागात जातो.

पण तळमजल्याची एक खुबी आहे. तिथेही पाळ्या मोजक्याच, भरल्या की ‘नेटवर्क बिझी’. मात्र एकदा पाळी मिळाली की बोलून होईपर्यंत ती तुमची. मागून कितीही व्हिडिओवाले आले तरी नळ काढून घेत नाहीत. आणि ऐकण्याची ताकद बघा. टॉवरने २० वॅटने, म्हणजे घरातल्या एलईडी ट्यूबएवढ्या शक्तीने हाक मारली. चौपाटीवर गर्दीत दडलेल्या फोनपर्यंत तिचा जो अंश पोहोचतो, तो एका वॅटचे एक शंकू भाग केले तर त्यातला एक, आणि तेवढ्यावरही २जीचा फोन आवाज ओळखतो. वीस वॅटशी त्याचं प्रमाण काढलं, तर एकास दोन जलधी: दोनावर चौदा शून्यं.

जलधी म्हणजे समुद्र. लालबागच्या चाळीत रात्रभर जागलेली आई विचारते, ‘पोहोचला का रे राजा?’ फोटोवरचं चाक अजून फिरतंच आहे. पण दोन जलधी पार करून आलेल्या खरखरीत आवाजात उत्तर मिळतं, ‘हो. पाण्यात शिरला.’