साखरेच्या पट्टीची डबी उघडी राहिली तर...

मागच्या मे महिन्यात अम्मींच्या साखरेचा आकडा घरच्या यंत्राने भलताच मोठा दाखवला. घरात धावपळ झाली. एक गोळी जास्त द्यावी का, इथपर्यंत बोलणे गेले. प्रयोगशाळेत तपासले तर आकडा नेहमीचाच! पट्ट्यांची डबी आठवडाभर स्वयंपाकघराच्या खिडकीत उघडी पडली होती, हे मग लक्षात आले.

त्या पट्टीवर ग्लुकोज ओळखणारे विकर, म्हणजे एन्झाइम असते. अनेक पट्ट्यांत ते काळ्या बुरशीपासून मिळवलेले 'ग्लुकोज ऑक्सिडेज' असते. रक्तातल्या ग्लुकोजशी त्याची क्रिया झाली की इलेक्ट्रॉन सुटतात आणि बारीकसा विद्युतप्रवाह वाहतो. यंत्र तोच मोजून आकडा दाखवते.

पण हे विकर पाण्यात विरघळते. त्याला जागेवर धरायचे कसे? १९६७ मध्ये अमेरिकेत अपडाइक आणि हिक्स यांनी ते जेलमध्ये अडकवून दाखवले. आपण इफ्तारला चायना ग्रास जमवतो. त्यात केशराची काडी हलत नाही, पण वरून ओतलेल्या पाकाचा गोडवा आत मुरतो. जेलच्या जाळीत तसाच विकराचा मोठा रेणू अडकतो आणि ग्लुकोजचा लहान रेणू आत शिरतो. आजच्या पट्टीवर विकराचा कोरडा थर असतो. दंडावर चौदा-चौदा दिवस लावून ठेवायच्या काही सेन्सरमध्ये मात्र अजूनही जेलच वापरतात.

विकर हे प्रथिन आहे. उष्णतेने अंडे घट्ट होते, तसे तेही बिघडते. दमटपणाही पट्टीला सोसत नाही. बहुतेक डब्यांवर ३० अंशांपर्यंतच ठेवा असे छापलेले असते आणि आपल्या परभणीत मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो!

म्हणून डबी घरातल्या सर्वांत थंड, कोरड्या खोलीत, कपाटात ठेवा. फ्रिजमध्ये किंवा माठाशेजारी नको. पट्टी काढली की झाकण लगेच लावा. डबी उघडल्याची तारीख तिच्यावर लिहा. तपासणीआधी हात धुऊन कोरडे करा. बोटाला खजुराचा चिकटपणा असला तरी आकडा फुगतो.

रमजानमध्ये साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा सोडावा, असे मधुमेहतज्ज्ञ सांगतात. बोटातून तपासणीपुरता थेंब काढल्याने रोजा तुटत नाही, असे बहुतेक उलेमांचे मत आहे. एवढा मोठा निर्णय ज्या आकड्यावर घ्यायचा, तो खरा असायला हवा. आमच्या घरी आता झाकण लावायची जबाबदारी धाकट्या मुलीकडे आहे. ती कधी विसरत नाही.