आधी भाकरी, मग फ्लॉरेन्स!

दिवाळीच्या फराळाचे आमच्या घरी दोन डबे असतात. त्यातल्या एकाच्या झाकणाला लाल फीत बांधलेली असते. त्या डब्यात गव्हाचा, मैद्याचा किंवा रव्याचा कणसुद्धा जायचा नाही, असा घरात कायदाच आहे. तो डबा आमच्या पंधरा वर्षांच्या चिरंजिवांचा!

अकराव्या वर्षी त्याला 'सेलिॲक' नावाचा विकार असल्याचे निघाले. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लूटेन नावाचे प्रथिन असते. ते पोटात गेले की या विकारात शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. यावर औषध नाही; जन्मभराचे पथ्य हाच उपाय. गव्हापाठोपाठ त्याच गिरणीत दळलेली ज्वारीही आम्हांला चालत नाही. म्हणून चार वर्षांपूर्वीच घरघंटी घेतली.

असा हा मुलगा गेल्या उन्हाळ्यात एके दिवशी जेवताना म्हणाला, "आई, पुढच्या मे महिन्यात आपण फ्लॉरेन्सला जाऊ या."

घास माझ्या हातातच राहिला. पिझ्झा आणि पास्त्याच्या देशात गहू न चालणारा मुलगा न्यायचा? कोरड्या विहिरीत पोहायला जाण्यासारखेच की हे!

पण त्याचे कारण ऐकले आणि मी गप्प झाले. आमच्या करवीरचे छत्रपती राजाराम महाराज १८७० साली विलायतेला गेले होते. लंडन पाहून परतीच्या वाटेवर ते आजारी पडले आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये वारले. वय अवघे वीस वर्षांचे! त्या काळी फ्लॉरेन्स ही इटलीची राजधानी होती, आणि प्रेत जाळण्याची तिथे रीत नव्हती. तरी खास परवानगी मिळाली आणि आर्नो व मुन्योने या नद्यांच्या संगमावर महाराजांवर अग्निसंस्कार झाले. १८७४ साली त्या जागी छत्री उभी राहिली. तिचा आराखडा मेजर मँट यांचा, म्हणजे ज्यांनी पुढे आपला नवा राजवाडा आखला त्यांचाच. आज तिथल्या मोठ्या पुलाला 'त्या भारतीयाचा पूल' अशा अर्थाचे नाव आहे.

"कोल्हापूरचा राजा तिथं एकटा आहे, आई," चिरंजीव म्हणाले. यावर काय बोलणार?

मग आम्ही चौकशीला लागलो, आणि पहिलाच धक्का सुखाचा बसला. ज्या देशाची मला धास्ती, तोच देश या बाबतीत सर्वांत जागरूक निघाला. इटलीत २००५ साली या विकारासाठी स्वतंत्र कायदा झाला. तिथल्या रुग्णांना पथ्याचे अन्न घेण्यासाठी सरकारकडून दरमहा मदत मिळते. शाळांच्या आणि इस्पितळांच्या भोजनगृहांत असे जेवण ठेवावेच लागते. १९७९ पासून रुग्णांची संघटना आहे आणि शिकवून तयार केलेल्या खाणावळींची यादीही ती ठेवते. पाकिटावर 'सेन्झा ग्लूतिने' असे छापायचे तर किलोमागे वीस मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन असून भागत नाही.

खरी पंचाईत निघाली ती सासूबाईंची! त्या मांस, मच्छी, अंडे काहीच खात नाहीत. तिकडच्या भाताला मांसाचे पाणी लागलेले असू शकते. तिथले नामांकित पार्मेजान चीज वासराच्या जठरातल्या रसाने विरजतात. हे सांगितल्यावर त्यांनी पदर तोंडाला लावला. "मग मी खाऊ काय गं?" त्यांना मक्याच्या पिठाची पोलेंता सांगितली आणि हरभऱ्याच्या पिठाची, भट्टीत भाजलेली चेचीनाही. "म्हणजे पिठल्याची वडीच की!" त्या म्हणाल्या आणि बेत पक्का झाला.

आमच्यासारख्या कुटुंबांना उपयोगी पडतील अशा चार गोष्टी इथे सांगते. हॉटेलाऐवजी स्वयंपाकघर असलेली जागा घ्यावी आणि तवा आपला न्यावा, कारण तिथल्या तव्यावर कुणी काय भाजले असेल ते सांगता येत नाही. पास्ता ग्लूटेनविरहित असला तरी तो वेगळ्या पाण्यात उकडलाय का, ते विचारावे. विमानातले खास जेवण निदान दोन दिवस आधी कळवावे. तरी एक वेळचा डबा जवळ ठेवावाच. ज्वारीचे पीठ, पोहे, शेंगदाण्याची चटणी बांधावी. मात्र तूप, पेढे असे दुधाचे जिन्नस युरोपात नेता येत नाहीत. व्हिसासाठी तीस हजार युरोचा वैद्यकीय विमा लागतो. डॉक्टरांचे पत्र सोबत असावे.

एवढे सगळे जमले, तरी माझ्या मनात एक काटा होताच. गेल्या वर्षी शाळेच्या सहलीत याला एका ठिकाणी भजी वाढली. पिठात मैदा आहे का, हे त्याने विचारलेच नाही. "सगळे हसले असते," एवढेच तो नंतर म्हणाला. दोन दिवस तो अंथरुणात तळमळत होता. कार्ड लिहून देईन, तवा बांधून देईन. पण त्याच्या वतीने तोंड कोण उघडणार? मी जन्मभर थोडीच पुरणार आहे!

परवा फराळाचे सामान आणायला लक्ष्मीपुरीत गेलो होतो. हिंगाची डबी मी पिशवीत टाकणार, तोच चिरंजीव पुढे झाले. दुकानात चांगली गर्दी होती.

"काका, हा हिंग कशात मळलाय?"

"आरं, कणीक आसतीय की त्यात. सगळ्यांच्यात आसतीय."

"मग मला चालणार नाही. तांदळाच्या पिठातला आहे का? मला गव्हाचं पथ्य आहे."

मागे कुणीतरी खुदकन हसले. याचे कान लाल झाले, पण पाय हलला नाही. दुकानदारांनी फळीवरून दुसरी डबी काढली. याने चष्मा सावरून तिच्यावरचे बारीक अक्षर शेवटपर्यंत वाचले आणि मगच ती माझ्या हातात दिली.

घरी येताना स्कूटरवर मागे बसून तो काहीतरी पुटपुटत होता. "काय रे?" मी विचारले.

"सोनो चेलियाको," तो म्हणाला. "म्हणजे, मला सेलिॲक आहे. पाठ करतोय."

तिकिटे मी त्याच संध्याकाळी काढली.