आधी खोली, मग मॉनिटर

जगभरच्या स्टुडिओंच्या जुन्या फोटोंत मिक्सिंग कन्सोलच्या माथ्यावर पांढऱ्या कागदी शंकूचे दोन काळे स्पीकर वारंवार दिसतात. यामाहाचे हे एनएस-१० बाजारात आले १९७८ मध्ये आणि तेही घरी बसून गाणी ऐकणाऱ्यांसाठी. घरगुती ग्राहकांना ते फारसे रुचले नाहीत. आवाज चिरका आणि बास तुटपुंजा, अशी त्यांची ख्याती होती. पण ऐंशीच्या दशकात बॉब क्लिअरमाउंटनसारख्या नावाजलेल्या मिक्सिंग इंजिनिअरांनी ते वापरले आणि बघता बघता ते स्टुडिओत ठाण मांडून बसले. टोचणारा वरचा आवाज मऊ व्हावा म्हणून लोक ट्वीटरवर टिश्यू पेपर चिकटवायचे. अखेर १९८७ मध्ये यामाहाने स्टुडिओसाठी सुधारित आवृत्ती काढली. २००१ मध्ये उत्पादन थांबलं, तरी जुन्या जोड्या अजून विकल्या जातात.

या एका जोडीवरून दोन उलटसुलट गैरसमज पसरले आहेत. पहिला असा की स्टुडिओ मॉनिटर, म्हणजे मिक्सिंग करताना ऐकायचा स्पीकर, म्हटला की त्याचा आवाज सपाटच असतो, म्हणजे तो कुठल्याही पट्टीतला आवाज वाढवत नाही की दाबत नाही. एनएस-१० सपाट नव्हते. दीड-दोन हजार हर्ट्झच्या आसपास त्यांना ठळक उठाव होता आणि खालचा बास लवकर संपायचा. दुसरा गैरसमज असा की वाईट स्पीकरवर चांगलं वाजलं की ते सगळीकडे चांगलं वाजतं. साउदॅम्प्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी एनएस-१० ची मोजमापं केली तेव्हा त्यांच्या यशाचं वेगळंच कारण पुढे आलं. या स्पीकरची पेटी पूर्ण बंद आहे, तिला हवा ये-जा करायला पोर्ट नाही. त्यामुळे खालचा सूर थांबला की स्पीकरही पटकन थांबतो, आवाज मागे रेंगाळत नाही. गाणाऱ्याचा गळा आणि संवादांचा गाभा ज्या मधल्या पट्टीत असतो, ती या स्पीकरमध्ये पुढे येते. आणि वर्षानुवर्षं तेच ऐकल्यामुळे इंजिनिअरांना त्यांची खोड पाठ होती.

नवी जोडी घेणाऱ्याने मात्र शक्य तितका सपाट आवाज देणारा मॉनिटरच घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनिसंशोधकांनी पडद्याआड स्पीकर ठेवून अनेक चाचण्या घेतल्या. समोरून सपाट आणि बाजूंनाही एकसारखा पसरणारा आवाज बहुतेक श्रोत्यांना सर्वांत पसंत पडला. स्पीकर डोळ्यांना दिसू लागले की मात्र आकार, किंमत आणि नाव यांचा मतावर परिणाम व्हायचा. दुकानात डेमो ऐकताना हे ध्यानात ठेवावं. माहितीपत्रकातली ‘४५ हर्ट्झपासून’ ही ओळही एकटी काहीच सांगत नाही. ४५ हर्ट्झला आवाज तीन डेसिबलने घटतो की दहाने, हे शेजारी लिहिलं नसेल तर तो आकडा सोडून द्यावा.

सर्वांत महागात पडणारा गैरसमज पुढचा आहे. मिक्स बाहेर नीट वाजत नाही, म्हणून माणूस आणखी महाग मॉनिटर आणतो. पुण्या-मुंबईत घरातल्या एका बेडरूमचा स्टुडिओ करणारे बरेच जण इथे अडकतात. दोष बहुतेक वेळा खोलीचा असतो.

दहा बाय दहा फुटांची खोली घेऊ. समोरासमोरच्या भिंतींत अंतर साधारण ३.०५ मीटर. हवेत आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. भिंतींमधल्या अंतराची दुप्पट करून तिने वेगाला भागलं की ५६ हर्ट्झ येतात. या सुराची तरंगलांबी खोलीच्या बरोबर दुप्पट भरते, म्हणून तो दोन भिंतींमध्ये उभा राहतो: भिंतींपाशी फुगलेला आणि मधोमध जवळजवळ नाहीसा. बास गिटारची मोकळी ‘ए’ तार ५५ हर्ट्झला वाजते. खोलीच्या बरोबर मध्ये खुर्ची टाकून बसलात तर नेमकी तीच नोट गळून जाईल आणि तिच्या वरची ‘डी’ ठणठणीत ऐकू येईल. मग आपण बास वाढवतो. गाडीत तेच गाणं लावलं की सगळं घुमतं. पाठ मागच्या भिंतीला टेकवून बसलं की याच्या उलट होतं. लांबी, रुंदी आणि उंची सारखी असेल तर तिन्ही दिशांचे सूर एकाच ठिकाणी गोळा होतात, म्हणून घनाकृती खोली सर्वांत अवघड. एकाच जोडीत ही नोट इथे हरवते आणि दोन फुटांवर सापडते. यात स्पीकरचा काय दोष?

म्हणून आधी खुर्ची हलवावी, पैसे नंतर मोजावेत. समोरच्या भिंतीपासून खोलीच्या लांबीच्या ३८ टक्क्यांवर बसून पाहावं, ही चांगली सुरुवात आहे. ते केवळ आरंभस्थान आहे, तिथून पुढे-मागे सरकत ऐकावं. दोन्ही मॉनिटर आणि डोकं यांचा समभुज त्रिकोण व्हावा, ट्वीटर कानाच्या उंचीला यावा, डावी-उजवी भिंत सारख्या अंतरावर असावी. मॉनिटरमागची भिंतही बोलते. तिच्यापासून एक मीटरवर ठेवला तर परतून येणारा आवाज ८६ हर्ट्झच्या आसपास मूळ आवाजाला खोडतो आणि तिथे खड्डा पडतो. मॉनिटर भिंतीच्या जवळ नेला की खड्डा वरच्या पट्टीत सरकतो, तिथे तो शोषून घेणं सोपं जातं. त्याबरोबर बास थोडा वाढतो, तो बऱ्याच मॉनिटरच्या पाठीमागच्या स्विचने कमी करता येतो. मागे पोर्ट असलेला मॉनिटर भिंतीजवळ ठेवूच नये, हा समजही चुकीचा आहे. खालचे सूर स्पीकरच्या सगळ्या बाजूंनी पसरतात, त्यामुळे पोर्ट पुढे असो वा मागे, भिंतीचा परिणाम होतोच. पोर्टला श्वास घेता येईल एवढी जागा सोडली की झालं.

फोमच्या पातळ पट्ट्यांवरचा विश्वासही सोडायला हवा. ५६ हर्ट्झच्या लाटेची लांबी सहा मीटर, तिचा चतुर्थांश म्हणजे दीड मीटर. दोन इंची फोमला ती लाट जाणवतही नाही. तो फक्त वरचे सूर खातो. म्हणून चारही भिंती फोमने मढवलेली खोली मंद आणि घुमणारी होते. बाससाठी कोपऱ्यांत रॉकवूलचे जाड पॅनल लागतात, जागा देता येईल तितके जाड. शेजाऱ्यांपर्यंत आवाज जाऊ नये हे काम निराळं. त्याला भिंतीचं वजन आणि दाराच्या फटी बुजवणं लागतं. अंड्यांचे ट्रे दोन्हींपैकी कशालाच उपयोगी नाहीत, शिवाय ते पेट घेतात.

मोजमापाचा माईक आणि ‘रूम ईक्यू विझार्ड’ हे मोफत सॉफ्टवेअर मिळून खोली काय करते आहे ते दाखवतात. तिथून पुढे लोक वाटेल तसा ईक्यू लावतात, म्हणजे एकेका पट्टीतला आवाज कमी-जास्त करतात. फुगवटे कापता येतात, खड्डे भरता येत नाहीत. परतून आलेला आवाज मूळ आवाजाला खोडत असेल तर स्पीकरचा आवाज वाढवला की परतणाराही तेवढाच वाढतो. खड्डा तसाच राहतो आणि अँप्लिफायर दमतो.

वॅटबद्दल थोडक्यात. ताकद दुप्पट केली की आवाज फक्त तीन डेसिबलने वाढतो. मीटरभर अंतरावर नेहमीच्या कामाला बऱ्याच मॉनिटरना एखादा वॅट पुरतो. मात्र ढोलकीची थाप किंवा स्फोटाचा आवाज सरासरीच्या वीस डेसिबल वर गेला, तर क्षणभर शंभरपट ताकद लागते. उरलेले वॅट त्या क्षणासाठी असतात.

मोठ्याने ऐकलं की बारकावे कळतात, हा समज कानालाही घातक आहे. बेल लॅबोरेटरीजमधल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवलं की हळू आवाजात आपल्या कानाला बास कमी ऐकू येतो. म्हणून जोरात केलेलं मिक्स हळू लावलं की त्यातला बास आटतो. सिनेमाच्या डबिंग थिएटरमध्ये समोरच्या प्रत्येक स्पीकरसाठी ८५ डेसिबलची पातळी रूढ आहे, पण ती मोठ्या दालनासाठी. घरातल्या साउंड डिझायनरने बेडरूममध्ये तीच पातळी धरली तर कान लवकर थकतात. पंचाहत्तरच्या आसपास काम करावं, अधूनमधून मोठ्याने आणि अगदी हळू लावून पडताळावं. अमेरिकेतल्या एनआयओएसएच या संस्थेच्या मर्यादेनुसार ८५ डेसिबलला दिवसाचे आठ तास मिळतात, ८८ ला चार आणि ९१ ला दोनच.